हंगेरीच्या शेतकरी स्त्रिया आणि सुरुवातीची स्त्रीवादी चळवळ : नाते किती खरे?

रानजाई

रोझिका श्विमर आणि विल्मा ग्ल्युक्लिख यांनी 1904 साली बुडापेस्टमध्ये उभारलेल्या स्त्रीवादी संघटनेची गोष्ट बहुधा शिक्षिका आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांपुरतीच सांगितली जाते. डेब्रेत्सेनजवळच्या बॉल्माझूइवारोश येथील शेतकरी स्त्रियांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच स्वतःची संघटना काढून तिच्याशी नाते जोडले होते, त्यांची नोंद मात्र जेमतेम तळटिपेत होते. हे मला अन्यायाचे वाटते. सुगीत पुरुष गहू कापत पुढे जाई आणि त्याच्यामागे बायको किंवा मुलगी कवळे गोळा करीत जाई. धान्याचा वाटा दोघांच्या कष्टांवर मिळे, पण करार सहसा पुरुषाशीच होई. अशा स्त्रीला मताधिकाराचा अर्थ समजावून सांगायला शहरातून कोणी यावे लागत नव्हते.

पुस्तकवाला

रानजाई, त्या स्त्रियांच्या समजेबद्दल माझा आक्षेप नाही. आक्षेप चळवळीच्या मागणीबद्दल आहे. महायुद्धापूर्वी हंगेरीत मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींमुळे जेमतेम सहा टक्के लोकसंख्येला मत होते. पुरुषांना ज्या अटींवर मत आहे त्याच अटींवर स्त्रियांना मिळाले तरी चालेल, ही स्त्रीवादी संघटनेची तयारी समाजवाद्यांना डाचत होती, आणि ते रास्तच होते, कारण भूमिहीन मजुराची बायको त्या अटींत कधीच बसली नसती. 1898 च्या कायद्याने शेतमजुरांचा संप गुन्हा ठरवला होता आणि कामावर न येणाऱ्याला पोलिसांकरवी शेतावर आणता येत होते. 1907 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील शेतगड्याला मारण्याची मुभा मालकाला दिली. अशा घरातल्या बाईची पहिली लढाई जमिनीची आणि मजुरीची होती. जून 1913 मध्ये बुडापेस्टला भरलेल्या आंतरराष्ट्रीय मताधिकार परिषदेने त्यातले काय बदलले?

रानजाई

तुम्ही सांगितलेले दोन्ही कायदे ज्या संसदेने केले, तिच्यात या बायकांचा आवाज नव्हता, म्हणूनच मत हवे होते. जमीन आधी आणि मत मागाहून, हा क्रम त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी लावून दिला. मर्यादित मताधिकाराबद्दलची तुमची टीका मला मान्य आहे, पण समाजवादी पुढाऱ्यांनीही सर्वांच्या मताधिकाराची घोषणा देताना तडजोडीची वेळ येताच स्त्रियांचा प्रश्न मागे ठेवला, हे तुम्ही गाळता. दोन्ही बाजूंनी वाट अडलेली असताना बॉल्माझूइवारोशच्या स्त्रियांनी वेगळी संघटना काढली, यात मला त्यांची राजकीय जाण दिसते.

सांजवारा

दोघांच्याही मुद्द्यांत पुढची वर्षे यायला हवीत. नोव्हेंबर 1918 च्या कायद्याने 24 वर्षांवरील स्त्रियांना मत मिळाले, पण लिहितावाचता येण्याची अट घालून. तिचा फटका कोणत्या स्त्रियांना अधिक बसला असेल, हे उघड आहे. 1922 मध्ये पंतप्रधान बेथलेन यांच्या सरकारने स्त्रियांची वयोमर्यादा 30 वर नेली, शिक्षणाची अट कडक केली आणि खेड्यांत उघड मतदान परत आणले. ज्या जमीनदाराच्या शेतावर पोट चालते, त्याच्या माणसांदेखत मत सांगायचे! गुप्त मतदान खेड्यांना मिळाले ते 1939 च्या निवडणुकीत. पुस्तकवाला, मजुरी आणि मत वेगळे काढता येत नाहीत, ते इथे दिसते.

पुस्तकवाला

मग हेच उदाहरण माझ्या बाजूने आहे: जमीन जमीनदाराकडेच राहिली, म्हणून मत मिळूनही बाई त्याच्या धाकातच राहिली.