२०१० सालची पोर्शे केमन जळगावात रोज चालवता येईल का?

तापीकाठ, जळगाव:

नमस्कार. मी जळगावात लेखापरीक्षणाचे काम करतो. जवळजवळ रोज भुसावळला जाऊन येतो आणि आठवड्यातून एकदा तरी एरंडोल-पारोळा मार्गे धुळे गाठावे लागते, त्यामुळे दिवसाकाठी सरासरी ६० किलोमीटर गाडी होते. मुंबईतील एका ओळखीच्या गृहस्थांकडे २०१० सालची पोर्शे केमन आहे: २.९ लिटरचे इंजिन, २६५ अश्वशक्ती, सहा गियरची मॅन्युअल, आजवरची धाव ४१,००० किलोमीटर. गेली तीन वर्षे ती महिन्यातून जेमतेम एकदा बाहेर निघते. नोंदणीची १५ वर्षे पूर्ण झाली आहेत आणि नूतनीकरण अजून झालेले नाही. जी किंमत ते सांगतात तेवढ्यात मला नवी कोरी मध्यम एसयूव्ही मिळेल, हे मला ठाऊक आहे. तरीही कॉलेजात असल्यापासून ही गाडी मनात घर करून आहे आणि ती रविवारपुरती झाकून ठेवण्यासाठी मला घ्यायची नाही. मला तिच्यातून कामावर जायचे आहे. मे महिन्यातील आपला ४५ अंशांचा उन्हाळा, आपले रस्ते आणि जवळपास कुठेही नसलेले कंपनीचे वर्कशॉप, हे सगळे जमेस धरून हा विचार शहाणपणाचा आहे का, हे ज्यांनी अशी गाडी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी कृपया सांगावे.

लळिंगघाट, धुळे:

दादा, माझ्याकडे २००६ सालची पोर्शे ९११ आहे आणि चार वर्षे मी ती रोज वापरतो आहे, म्हणून अनुभवाने लिहितो. लोक तुम्हाला सर्वात आधी इंजिनाची भीती घालतील. ती भीती माझ्या गाडीच्या पिढीला लागू पडते, कारण त्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचे (इंजिनातील एका फिरत्या दांड्याचे) बेअरिंग निकामी होणे आणि सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडणे हे दोन्ही दोष सर्वज्ञात आहेत. २००९ सालापासून ९११, केमन आणि बॉक्स्टरला जे नवे इंजिन आले त्यात तो शाफ्टच ठेवलेला नाही. त्यामुळे तुम्ही निवडलेले वर्ष योग्य आहे आणि त्या बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा निश्चिंत राहू शकता.

खानदेशात खरा प्रश्न येतो तो हवेचा. या गाड्यांचे इंजिन मागे असले तरी रेडिएटर पुढे, बंपरच्या डाव्या-उजव्या तोंडांच्या आत, जमिनीलगत असतात आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळ्या, उभे असतात. बंपरची ती तोंडे उघडी असतात, त्यामुळे रस्त्यावरचे जे काही उडेल ते आत जाऊन या दोघांच्या मधल्या फटीत बसते. युरोपात तिथे झाडांची पाने साचतात. आपल्याकडे दिवाळीपासून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की रस्त्याच्या कडेला पांढरे पुंजके लोळत असतात आणि ते सगळे या तोंडांत शिरतात. पहिल्या वर्षी मला याची कल्पना नव्हती. एप्रिलमध्ये रेल्वे फाटकापाशी थांबलो असताना एसीची हवा कोमट झाली आणि तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर सरकू लागला. घरी येऊन बंपर उतरवला तेव्हा कंडेन्सरच्या मागे कापूस, धूळ आणि भुसा यांचा ओलसर नमदा तयार झालेला दिसला. बोटाने ओढला तर तो गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड निघाला. ओल धरून बसलेल्या त्या थरामुळे कंडेन्सरचा खालचा कोपरा गंजून पांढरा पडला होता आणि अखेरीस तो बदलावाच लागला.

तेव्हापासून वर्षातून दोनदा, संक्रांतीनंतर आणि मार्चअखेर, बंपर काढून आधी व्हॅक्यूमने आणि मग हलक्या धारेच्या पाण्याने सफाई करतो. दाबाच्या पाण्याने जाळीचे पातळ पत्रे मुडपतात, तो मोह टाळावा. बंपरच्या तोंडांवर आतून बारीक जाळीही बसवून घेतली आहे. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा एसी चालू करून दोन्ही बाजूंचे पंखे मंद गतीने फिरतात का ते जरूर तपासा. मंद गतीसाठी असलेला रेझिस्टर गंजून निकामी होतो, मग पंखा फक्त पाणी फार तापल्यावर एकदम पूर्ण वेगाने सुरू होतो, आणि मधल्या वेळात फाटकापाशी उभ्या असलेल्या गाडीला वाराच मिळत नाही. हा भाग किरकोळ आहे, परंतु आपल्या मे महिन्यात सगळी मदार त्याच्यावर असते. एवढे सांभाळले तर ४५ अंशांतही माझ्या गाडीचा काटा हललेला नाही.

पाना_नंबर_दहा, भुसावळ:

मी गॅरेज चालवतो, म्हणून मिस्तरीच्या बाजूने लिहितो. भाऊ, ४१,००० किलोमीटर हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. सील कोरडे पडतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज बसतो, बॅटरी मरते आणि टायरची नक्षी नवी दिसत असली तरी रबर दगडासारखे होते. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते, तिचे पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षांपेक्षा जुने टायर असतील तर चारही नव्या टायरचे पैसे किमतीतून वजा करून मगच बोलणी करा. चाके १७ इंची असतील तर ती १८ किंवा १९ इंचीने बदलू नका, कारण टायरची जाड कड हीच आपल्या रस्त्यांवर रिमची ढाल असते.

पेट्रोलबद्दल कोणी बोलले नाही म्हणून सांगतो. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि ही गाडी बनली तेव्हा कंपनीने १० टक्क्यांपर्यंतचेच मिश्रण मान्य केलेले होते. इथेनॉल हवेतील ओल शोषते, त्यामुळे टाकीत महिनोन् महिने पडून राहिलेले पेट्रोल अधिक त्रास देते. रोज चालणाऱ्या गाडीत दर चार-सहा दिवसांनी नवे पेट्रोल येते, ही रोजच्या वापराची जमेची बाजू आहे. तरीही इंधनाचे होज, त्यांचे ओ-रिंग आणि टाकीच्या झाकणाचे रबर पहिल्याच सर्व्हिसला बारकाईने पाहून घ्या. कुठे भेग, चिकटपणा किंवा फुगवटा दिसला तर तिथे काटकसर नको. किमान ९५ ऑक्टेनचे पेट्रोल टाका. कमी ऑक्टेनचे टाकल्यास नॉक सेन्सर (इंजिनातील ठोके ओळखणारा) ठिणगीचे टायमिंग मागे घेऊन इंजिन सांभाळतो, मात्र मग ज्यासाठी गाडी घेतली ती ताकद मिळत नाही.

मॅन्युअल आहे म्हणून आणखी एक तपासणी करून घ्या. या गाडीच्या संगणकात इंजिन कोणत्या टप्प्यापर्यंत मर्यादेबाहेर फिरवले गेले आणि ते चालू तासांच्या कितव्या तासाला, याची नोंद राहते. कोणी चौथ्याऐवजी चुकून दुसरा गियर टाकला असेल तर तेही वरच्या टप्प्यांच्या नोंदीत दिसते. कंपनीच्या निदानयंत्रावर ही नोंद छापून मागा. आणि हे ध्यानात असू द्या की या गाडीचे इंजिन सीटांच्या मागे बंदिस्त आहे. बॉनेट उघडून पाहायला काही नाही. तेल आणि कूलंट टाकण्याची तोंडे मागच्या डिकीत आहेत, बाकी बरेचसे काम खालून होते. त्यामुळे ज्याच्याकडे गाडी उचलायची लिफ्ट नाही त्याच्याकडे गाडी देऊच नका.

बोरीचे_पात्र, अमळनेर:

माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही विचारात घ्यावा, अशी विनंती आहे. मीही एक जुनी, दोन दारांची वेगवान आयात गाडी दीड वर्ष रोज वापरली आणि शेवटी विकली. गाडी वाईट नव्हती. एकदा कूलंटचा पंप गळू लागला आणि ज्या वर्कशॉपमध्ये फ्लॅटबेडवरून गाडी पाठवली तिथे ती सुटा भाग परदेशातून येईपर्यंत २३ दिवस उभी राहिली. त्या दिवसांत माझी कामे एसटीने आणि मित्रांच्या गाड्यांनी झाली. खर्चाची तयारी मी केलेली होती, पण वाट पाहण्याची केली नव्हती. ज्या माणसाला सकाळी नऊ वाजता भुसावळला पोहोचणे भागच आहे, त्याने घरात दुसरे चालू वाहन असल्याशिवाय हे धाडस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांबाबतही सावध करतो. १५ वर्षांनंतर खाजगी गाडीची योग्यता तपासून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. साध्या मोटारीला हे शुल्क ५,००० रुपये आहे, परंतु आयात मोटारीला एप्रिल २०२२ पासून ते ४०,००० रुपये आहे आणि गाडी २० वर्षांची झाल्यावर ते ८०,००० होते. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गाडी विक्रेत्याच्या नावावर असतानाच त्यांच्याकडून नूतनीकरण पूर्ण करून घ्या, आणि मगच ती आपल्या नावावर करून जळगावला आणा.

तापीकाठ, जळगाव:

सर्वांचे मनापासून आभार. घरी पत्नीची वॅगन-आर आहे आणि तिचे काम घराजवळच असल्याने अडल्यावेळी ती मला मिळू शकते, एवढा आधार आहे. विक्रेत्यांशी काल बोललो. नूतनीकरण ते स्वतः करून देणार आहेत, मात्र शुल्क निम्मे-निम्मे वाटून घेऊ म्हणतात, आणि ते मला मान्य आहे. टायरवरची खूण त्यांनी फोटो काढून पाठवली, ती २२१६ आहे, म्हणजे चारही टायर २०१६ सालचे निघाले. चाके १७ इंचीच आहेत. लळिंगघाट, गतिरोधकांचे तुम्ही काय करता, तेवढे कृपया सांगा.

लळिंगघाट, धुळे:

रीतसर बांधलेला गतिरोधक तिरपा घेतला की गाडी घासत नाही. गावकऱ्यांनी रातोरात मुरूम टाकून केलेले उंचवटे मात्र घासतात, म्हणून माझा नेहमीचा रस्ता मी आधी दुसऱ्या गाडीने जाऊन पाहिला आणि दोन ठिकाणे टाळून सहा किलोमीटरचा वळसा कायमचा स्वीकारला. तुम्हीही पैसे देण्यापूर्वी घरापासून महामार्गापर्यंतचा आणि भुसावळातील ऑफिसपर्यंतचा गल्लीबोळांचा भाग सावकाश जाऊन पाहा. ऑफिसच्या फाटकातला उतार विशेष पाहा. माझ्या गाडीचा पुढचा ओठ पहिल्यांदा घासला तो रस्त्यावर नव्हे, माझ्याच कंपाउंडच्या दारात. तो उतार गवंडी लावून फोडला आणि चार फूट लांबवून घेतला, तेव्हा कुठे ती रोज घरात येऊ लागली.