मदत हवी आहे: आईच्या फोनची बॅटरी फुगली आहे

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला राजवाड्याजवळ राहतो. आईचा फोन रात्रभर चार्जिंगला लावला तरी ६० टक्क्यांच्या पुढे जात नव्हता, वर तापायचा. केबल बदलली, पोर्टमधली धूळ काढली, फरक नाही. काल कव्हर काढलं तर मागची बाजू फुगलेली! लगेच बंद करून ठेवलाय. फुगलेली लिथियम-आयन बॅटरी पेटू शकते. जेल रोडवरचा एक दुकानदार म्हणाला, "अजून सहा महिने चालेल." मला मुळीच पटलं नाही.

नवी बॅटरी ओरिजिनल आहे हे कसं ओळखायचं? आणि जुनी कुठे द्यायची? कचरागाडीत ई-कचऱ्याचा डबा वेगळा असतो, पण फुगलेली बॅटरी त्यात टाकायला जीव धजत नाही. मावशीशी रोजचं बोलणं बंद झाल्यामुळे आई बेचैन आहे, लवकर सांगा.