ट्रॅफिकमध्ये अंतर ठेवलं की कुणीतरी मध्ये घुसतंच. डोकं शांत कसं ठेवायचं?

नवा_चालक:
पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवावं, म्हणजे ती जिथून गेली तिथे आपण निदान दोन सेकंदांनी पोचावं, हे पटतं. पण गर्दीत तेवढी जागा दिसली की कुणीतरी गाडी घालतोच, आणि मागचा हॉर्न वाजवत बंपरला चिकटतो. अशा वेळी नेमकं काय करावं? गाडी मॅन्युअल गिअरची आहे.

सावकाश_चला:
घुसणाऱ्याला घुसू द्या. एक गाडी पुढे आली तर तुमचे जेमतेम दोन सेकंद जातात, दहा आल्या तरी वीस. ताशी ५० किमी वेगात गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक ते दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १४ ते २१ मीटर संपले! ती जागा रिकामी दिसते, पण ती तुमचीच आहे. कुणी घुसलं की ब्रेक दाबू नका, नुसता ॲक्सिलरेटर सोडा. अंतर आपोआप पुन्हा तयार होतं. रस्ता ओला असेल तर चार सेकंद धरा.

आरसा_बघा:
मागचा चिकटला असेल तर पुढचं अंतर आणखी वाढवा. हे उलटं वाटतं, पण आता तुम्हाला दोघांसाठी हळू ब्रेक लावायचा आहे. त्याला धडा शिकवायला ब्रेक टॅप करणं कृपया टाळा, धडक तुमच्याच गाडीला बसेल. जागा मिळताच त्याला पुढे जाऊ द्या. आणि त्याच्याकडे रोखून बघू नका, भांडण तिथूनच सुरू होतं.

गिअर_पहिला:
रांगत्या गर्दीत हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवू नका, क्लच प्लेट तापून झिजते. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून संथ चालवा. थांबे कमी होतात, पायही दुखत नाही. जपानमधल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगात चालवायला सांगितल्या होत्या. कुठलाही अडथळा नसताना कोंडी झाली, वेगातल्या बारीक चढउतारांमुळे. तुमचं अंतर असे धक्के गिळतं, त्याचा फायदा मागच्या सगळ्यांना होतो.

थांबताना पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसले पाहिजेत. ती बंद पडली तर रिव्हर्स न घेता बाहेर पडता येतं. लांब सिग्नलला न्यूट्रल आणि हँडब्रेक.

सावकाश_चला:
एक राहिलं. समोरच्या वाहतुकीला छेदून वळायला थांबला असाल तर चाकं सरळच ठेवा. आधीच वळवलेली असली आणि मागून धक्का बसला, तर गाडी थेट समोरून येणाऱ्यांच्या वाटेत जाते.

चिडचिड वाढली की स्टिअरिंगवरची पकड आणि जबडा आधी आवळतात. ते जाणवलं की दोन्ही सैल सोडा आणि श्वास घेतला त्यापेक्षा हळू बाहेर सोडा, पण नजर रस्त्यावरच ठेवा.