लिस्बनचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात लिस्बनला आठ दिवस राहून आले आणि मन अजून तिथल्या चढउतारांवरच रेंगाळतंय. जे तिथे राहिलेत, फिरलेत, त्यांनी आपापलं लिहा. सुरुवात मी करते.

मला सोडवेना ते कार्मोचं चर्च. दगडी कमानी उभ्या आहेत, वर छप्पर नाही, थेट निळं आभाळ. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. लोक सकाळी प्रार्थनेला जमलेले असताना भूकंप झाला. मागोमाग तेजू नदीतून त्सुनामीच्या लाटा आल्या, मग कित्येक दिवस आग. राजाचा मंत्री मार्किस द पोंबाल यानं शहराचा खालचा भाग आखीव, सरळ रस्त्यांचा करून नव्यानं उभारला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला, त्याला 'गायोला' म्हणतात, म्हणजे पिंजरा. घर हललं तरी कोसळू नये म्हणून. कार्मोवर मात्र छप्पर परत चढलं नाही. तासभर तिथल्या गवतावर नुसती बसून होते.

मूळ सावंतवाडी, तीन वर्षं लिस्बनला नोकरी

मला हे शहर कानांनी भेटलं. पोर्तुगीजचा गंध नव्हता. घरमालकीणबाईंनी किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "शाव्ह." चावी! मग नादच लागला. बादलीला 'बाल्द', घमेल्याला 'गामेला', फितीला 'फिता'. बटाटा तर बटाटाच, अननसही अननसच. कॅफेच्या काचेच्या कपाटात तिकोनी 'शामुसा' ठेवलेला, म्हणजे आपला समोसा, तो उलट्या दिशेनं गेलेला. आईला फोनवर एकेक शब्द ऐकवला तर म्हणाली, "अरे, म्हणजे आपण रोज पोर्तुगीज बोलतो की!" परक्या गावात पहिल्या महिन्यात या शब्दांनी मला फार आधार दिला.

मडगाव

आम्हा गोंयकारांना लिस्बन इतकं सोपं जात नाही. माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकले; त्यांच्या तोंडून या शहराचं नाव ऐकतच मी वाढले. लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर आहे. वर दगडी पुतळा आडवा, हात जोडलेले. मठाचं कोरीवकाम पाहून डोळे निवतात, दगडात दोरखंडांच्या गाठीसुद्धा कोरल्यात. पण तो बांधला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. १५१० ते १९६१, ४५१ वर्षं आमच्यावर राज्य. मी कबरीपाशी थांबले, हात जोडले नाहीत. बाहेर नदीकाठच्या बुरुजावर एक झिजलेलं गेंड्याचं डोकं आहे, तेही बघा. गुजरातच्या सुलतानानं दिलेला गेंडा १५१५ साली गोव्याहून जहाजानं इथे आला होता. त्या मुक्या जनावराची मला फार कणव आली.

नाशिक

रस्त्यावरची पांढरी-काळी दगडी नक्षी पावसात तेलासारखी निसरडी होते. मी अल्फामा या जुन्या वस्तीच्या उतारावर पडले आणि मनगट मोडून घेतलं. रबरी तळव्याचे बूटच घाला. २८ नंबरच्या ट्राममध्ये पाकीट सांभाळा.

पुणे, सध्या लिस्बनमध्ये पीएचडी

वर कार्मो आलंय म्हणून लिहितो. त्या चर्चला लागूनच सैनिकी ठाणं आहे. २५ एप्रिल १९७४ ला लष्करानं उठाव केला तेव्हा पोर्तुगालच्या हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान तिथे लपला आणि बाहेर चौकात गर्दी जमलेली असताना शरण गेला. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत लाल कार्नेशनची फुलं खोचली. नव्या सरकारनं त्याच वर्षाच्या अखेरीस गोवा भारताचा असल्याचं करार करून मान्य केलं. दर वर्षी त्या दिवशी अव्हेनिदा द लिबरदाद या हमरस्त्यावर माणूस मावत नाही. यंदा शेजारच्या आजींनी मला बरोबर नेलं, शर्टाला फूल लावलं आणि परतताना कार्मोच्या चौकात आणलं. १९७४ साली त्या बावीस वर्षांच्या होत्या. त्या दिवशी कुठे उभ्या होत्या ती जागा दाखवली, जॅकरांडाच्या झाडाखाली, आणि बराच वेळ माझा हात सोडला नाही.