सामाजिक संगणनाची वेगळी पदवी हवी का?

पारावरचा
अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडचा मोसम आला की घरोघरी एकच चर्चा: कॉम्प्युटर मिळालं का, नाहीतर आयटी, तेही नाही तर एआय-एमएल. माझं म्हणणं, आपल्या विद्यापीठांनी संगणक आणि समाज एकत्र शिकवणारी चार वर्षांची पदवी सुरू करावी. दिल्लीच्या आयआयआयटीत संगणकशास्त्र आणि सामाजिक शास्त्रं असं बी.टेक. आहे. हैदराबादच्या आयआयआयटीतही संगणक आणि मानव्यविद्या अशी जोडपदवी आहे.

का हवी, याचं माझ्यापुरतं उत्तर राईनपाडा. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. अफवा किती वेगाने पसरेल हे नेटवर्कचं गणित सांगेल. ती भिक्षा मागत फिरणाऱ्यांवरच का उलटली, हे सांगणार नाही. त्यासाठी अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्यानंतरही टिकलेला भटक्यांविषयीचा संशय माहीत असावा लागतो. या दोन्ही गोष्टी कळणारं माणूस आपण कुठे घडवतो?

जुना_कोबोलवाला
असहमत. धड ना हे, धड ना ते अशी पोरं तयार होतील. मी मुलाखती घेतो. चार विषय वरवर शिकलेला उमेदवार हॅश टेबलवर, म्हणजे माहिती साठवून झटकन शोधायच्या अगदी मूलभूत रचनेवर, अडकला की पुढचं त्याचं समाजभान कोणी विचारत नाही. आधी पाया पक्का करा, मग समाजशास्त्रं शिकायला टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) जा, अर्थशास्त्रासाठी गोखले इन्स्टिट्यूटमध्ये जा, कोणी अडवलंय? शाखांना नवी नावं देऊन जागा भरायचा धंदा आपल्याकडे जोरात आहे. पहिली दोन वर्षं पाहिलीत तर सगळीकडे जवळपास तोच अभ्यासक्रम. त्यात अजून एक पाटी कशाला?

सानिका_संभाजीनगर
कोबोलवाले काका, २०२१ आठवा. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट, आणि मुलांच्या वजन-उंचीची नोंद करायचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. माझी मावशी सेविका आहे. वजन-उंची तिला डोळे मिटून घेता येते, पण इंग्रजी रकान्यापुढे ती भाचीला हाक मारायची. ते अ‍ॅप लिहिणाऱ्याला हॅश टेबल येत नव्हतं म्हणून हे झालं का?

जुना_कोबोलवाला
नाही, टेंडर काढणाऱ्याने मराठीची अट घातली नाही म्हणून झालं. हुशार पोरं पदवी घेऊन बाहेर पडली तरी अट तोच साहेब लिहिणार.

तासिका_मास्तर
मी समाजशास्त्र शिकवतो आणि या पदवीला माझा विरोध उलट्या बाजूने आहे. तुमच्या ताटात आमचा विषय लोणच्यासारखा येणार. नव्या शैक्षणिक धोरणातल्या ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे दुसऱ्या शाखेतून निवडायच्या विषयाचा, अनुभव घेतोय ना! अभियांत्रिकीची मुलं माझ्या तासाला हजेरीपुरती बसतात आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन दुसरीच असाइनमेंट करतात. दोष त्यांचा नाही, दोन क्रेडिटच्या विषयाला कोण विचारतो?

दुसरं, प्रवेश कसा देणार? बी.टेक. म्हटलं की पीसीएमची सीईटी. गणितात चांगली, पण भौतिकशास्त्र न घेतलेली कला शाखेची मुलगी दारातच थांबली. आणि शिकवणार कोण? प्राध्यापक भरती रखडलेली, आमच्यासारखे तासिका तत्त्वावर. दोन विभागांत वर्कलोडवरून भांडणं होतील ती वेगळीच.

परदेशस्थ_मुग्धा
मास्तरांशी सहमत, म्हणूनच निम्मे विषय इकडचे, निम्मे तिकडचे अशी वाटणी नको. एक उदाहरण देते. आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचे गुण देणारी कॉम्पास नावाची प्रणाली अमेरिकेतल्या काही न्यायालयांत वापरतात. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने फ्लोरिडातल्या एका काउंटीची आकडेवारी तपासली. पुढे गुन्हा न केलेल्यांपैकी ‘जास्त धोका’ हा शिक्का कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात बसला होता. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर: ठरावीक गुण मिळालेल्यांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच आहे, मग भेदभाव कुठला? गंमत म्हणजे दोघांचे आकडे आपापल्या जागी बरोबर होते. पुन्हा गुन्हा करण्याचं मूळ प्रमाण दोन गटांत वेगळं असेल आणि भाकीत शंभर टक्के अचूक नसेल, तर गुणांचा अर्थ दोन्ही गटांत सारखा ठेवून चुकीचा शिक्का बसण्याचं आणि चुकून सुटण्याचं प्रमाणही सारखं ठेवता येत नाही, हे गणिताने सिद्ध होतं.

आता कुठला न्याय निवडायचा? सिद्धता एका शिक्षकाने शिकवली आणि पोलीस कोणत्या वस्तीत जास्त फिरतात, म्हणजे कुठले गुन्हे जास्त नोंदले जातात, हे दुसऱ्याने पुढच्या सत्रात सांगितलं, तर मुलाला दोन्हींचा संबंध लागत नाही. दोघांनी एकाच तासाला उभं राहायला हवं.

जुना_कोबोलवाला
सुरेख उदाहरण. पण हा दोन तासांचा धडा झाला, चार वर्षांची पदवी नव्हे.

पारावरचा
काका, असे धडे पुष्कळ आहेत: ई-पीक पाहणी, रेशनवर न उमटणारे अंगठे, डिलिव्हरीवाल्या पोरांचं रेटिंग. माझा आराखडा असा: प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र, डेटा स्ट्रक्चर पूर्ण, त्यात सूट नाही. भौतिकशास्त्र, रसायन, ड्रॉइंग काढा, म्हणजे जागा होते. त्या जागी मुलाखत कशी घ्यायची, जात आणि स्थलांतर, कायदा. आयआयटी मुंबईच्या सी-तारात, म्हणजे ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात, मुलं गावांत जाऊन काम करतात, तसं दरवर्षी एक सत्र जिल्ह्यात. प्रवेशाला गणित पुरे.

सानिका_संभाजीनगर
जिल्ह्यातलं पहिलं सत्र तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवू नका म्हणजे झालं. तोवर सगळे प्लेसमेंटच्या तयारीला लागलेले असतात.

जुना_कोबोलवाला
ड्रॉइंग काढायला माझं पूर्ण अनुमोदन! बाकीचं मात्र मायनर, म्हणजे मुख्य पदवीसोबतचा जोडविषय, म्हणून करा. धोरणात सोय आहे, पाच वर्षं चालवून पाहा, मुलं आली तर पदवीचं बघू.

तासिका_मास्तर
मायनर केलंत की माणसं नेमायची नाहीत, हेच त्यातून निघतं. आहेत त्याच तासिकावाल्यांच्या वेळापत्रकात दोन तास वाढतील. निदान दोन पूर्णवेळ पदं मंजूर करून घ्या, एक संगणकाचं, एक आमचं, आणि दोघांची केबिन एकच ठेवा. मग नाव मायनर द्या नाहीतर आणखी काही.