अर्ध्या तासाचं काम म्हणे!

जुनाजाणता: 'विंडोज १०ला चिकटून बसलेले सगळे आळशी, ११ टाकणं अर्ध्या तासाचं काम' असं परवा इथे एकाने ठोकून दिलं. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. १४ ऑक्टोबर २०२५ला १०चा सपोर्ट संपला हे मलाही ठाऊक आहे. पण माझा प्रोसेसर इंटेलचा, सहाव्या पिढीचा. ११ ज्यांवर चालतं त्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो नाही. १६ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, मशीन कुठेही अडत नाही. आता आळस झटकून मी नेमकं काय करू? धडधाकट मशीन भंगारात घालू?

खिडकीवाला: तो 'एक' मीच. नाव घेऊन लिहा की! मे २०१७चं वॉनाक्राय आठवतंय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं? ब्रिटनची सरकारी रुग्णालयंसुद्धा अडकली. 'आमचं नीट चाललंय' असं आदल्या दिवशीपर्यंत तीही म्हणत असतील. आणि अर्धे लोक 'टीपीएम (११ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही हो' म्हणून रडतात, पण बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाची सेटिंग्ज, उघडून बघत नाहीत. इंटेलवर ते 'पीटीटी' नावाने असतं, एएमडीवर 'एफटीपीएम'. नुसतं चालू करायचं असतं.

जुनाजाणता: टीपीएम चालूच आहे. मी प्रोसेसरबद्दल लिहिलंय, वाचा तरी. आणि वॉनाक्राय तुमच्यावरच उलटतं. पॅच मार्चमध्येच आला होता. अडकलेल्यांत विंडोज ७वालेच जास्त, आणि तेव्हा ७ला सपोर्ट होता! सिस्टिम जुनी म्हणून नव्हे, अपडेट टाकलं नाही म्हणून बुडाले.

खिडकीवाला: बरं. मग तुम्हाला आता अपडेट कोण देणार?

मधलीवाट: ईएसयू आहे ना, मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सिंक केल्या तर फुकट.

जुनाजाणता: म्हणजे स्वतःच्या घरातल्या कॉम्प्युटरसाठी कंपनीकडे खातं उघडा. वा!

स्कॅनरग्रस्त: अवांतर आहे, पण राहवत नाही. मी आज्ञाधारकपणे ११वालं नवीन मशीन घेतलं. जुन्यावर १० होतं, ३२ बिटचं. ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि माझ्या स्कॅनरच्या कंपनीने ६४ बिटचा ड्रायव्हर कधी काढलाच नाही. फोन केला तर 'मॅडम, त्या प्रॉडक्टची लाइफ संपली'. झाकणात निगेटिव्हसाठी वेगळा दिवा आहे, तो अजून लख्ख पेटतो. बाबांच्या निगेटिव्हचा अर्धा डबा स्कॅन व्हायचा राहिलाय. हा खर्च कुठल्या अर्ध्या तासात धरायचा?

खिडकीवाला: इतका जुना स्कॅनर? मोबाइलने फोटो काढा आणि सोडा.

स्कॅनरग्रस्त: निगेटिव्हचा? मोबाइलने? तुम्ही निगेटिव्ह हातात तरी धरली आहे का कधी?

पेंग्विन: लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता तिथूनच बूट करा. लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या 'सेन'मध्ये बरेच जुने स्कॅनर आपोआप ओळखले जातात.

खिडकीवाला: आले! कोणीतरी शिंकलं तरी हे लिनक्स सुचवतात.

पेंग्विन: तुम्ही काय सुचवलंत? फेकून द्या.

मधलीवाट: विंडोजवरच राहायचं असेल तर व्ह्यूस्कॅन हा स्कॅनिंगचा प्रोग्रॅम बघा. बऱ्याच जुन्या स्कॅनरसाठी ते स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येतं. विकत घ्यावं लागतं, पण ट्रायलमध्ये स्कॅनर ओळखतंय का ते कळेल.

जुनाजाणता: मंडळी, धागा प्रोसेसरचा होता.

स्कॅनरग्रस्त: तुमचा प्रोसेसर चालतोय तरी! पेंग्विन, मिंटवर स्कॅनर दिसला. कागद छान येतो. निगेटिव्हचा दिवा मात्र लागत नाही, प्रोग्रॅममध्ये तो पर्यायच नाही.

पेंग्विन: 'सिंपल स्कॅन' वापरताय का? त्यात नसतो. 'एक्ससेन' टाका, तिथे सोर्समध्ये ट्रान्सपरन्सी दिसते का बघा. तुमच्या मॉडेलला सेनमध्ये त्याचा आधारच नसेल तर मात्र इलाज नाही.

खिडकीवाला: अर्धा तास झाला का हो?

स्कॅनरग्रस्त: तुम्ही गप्प बसा.

खिडकीवाला: बसतो. आणि जुनाजाणता, सहाव्या पिढीवाल्यांना 'आळशी'तून वगळलं, खूश? आठव्या पिढीचं मशीन असून १०वर बसलेल्यांना मात्र मी आळशीच म्हणणार.

जुनाजाणता: त्यांना म्हणा. माझा आक्षेप 'सगळे'वर होता.

स्कॅनरग्रस्त: एक्ससेनमध्ये ट्रान्सपरन्सी आहे! दिवा लागला, पण चित्र पूर्ण काळं येतंय. एक्सपोजर कुठे वाढवायचं?