फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) डिस्क बघून ठरवायची की वापर बघून?

मिऱ्याबंदर: आंब्याच्या हंगामातलं बिलिंग मी सांभाळतो. पावत्यांच्या लाखभर फाइली, एकेक दोन-तीन केबीची. परवा जुन्या हार्ड डिस्कवरून बॅकअप घेतला. बागेचा मोठा व्हिडिओ सुर्रकन गेला. पावत्यांचं फोल्डर लावलं आणि डिस्क जी कटकट करायला लागली ती पहाटेपर्यंत. 7200 आरपीएमच्या तबकडीचा एक फेरा 8.3 मिलिसेकंदांचा, म्हणजे सरासरी चारेक मिलिसेकंद नुसती वाट बघायची; हेड (तबकडीवरून वाचणारा-लिहिणारा भाग) सरकायचा वेळ वेगळाच. बर्कलीच्या फास्ट फाइल सिस्टिमने सिलिंडर ग्रुप (तबकडीवरच्या जवळजवळच्या पट्ट्यांचे गट) आणले ते फाइलचा आयनोड (तिची माहिती आणि जागा टिपणारी नोंद) आणि डेटा शेजारी-शेजारी राहावेत म्हणूनच. माझं मत ठाम आहे, आधी डिस्क.

देवगडवाला: नाही पटत. डिस्क तीच होती ना? व्हिडिओ पळाला, पावत्या अडकल्या, मग फरक वापराचाच. रोझेनब्लम आणि आउस्टरहाउट या संशोधकांची लॉग-रचनेची फाइल सिस्टिम बघा. मेमरी वाढतेय, वाचणं बरंचसं कॅशमध्येच (मेमरीतल्या हाताशी ठेवलेल्या प्रतीतून) भागेल, डिस्ककडे मुख्यतः लिहिणंच जाईल, असा त्यांचा हिशोब. म्हणून बारीक बारीक बदल गोळा करून एका दमात, सलग लिहायचे.

मालवण_जेटी: एसएसडी (तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीची डिस्क) घ्या की! हेडच नाही, वाद मिटला.

देवगडवाला: मिटत नाही हो. फ्लॅशमध्ये लिहिणं पानापानाने, पुसणं मात्र अख्ख्या ब्लॉकचं, म्हणजे अनेक पानांच्या गठ्ठ्याचं. भरलेल्या पानावर थेट लिहिताच येत नाही. 2013 मध्ये लिनक्स 3.8 मध्ये सॅमसंगची एफटूएफएस ही फाइल सिस्टिम आली ती हे ध्यानात घेऊनच, आणि तीही लॉगच्याच वळणाची.

मिऱ्याबंदर: हे मान्य. पण आमच्याकडे पाऊस लागला की लाइट कधी जाईल नेम नाही. गेल्या जूनमध्ये बिल सेव्ह केलं आणि लाइट गेली. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमचं जर्नल (बदल आधी टिपून ठेवायची वही) होतं, मशीन नीट उठलं, पण पावती उघडली तर शून्य बाइट.

मालवण_जेटी: कारण नेहमीच्या सेटिंगला जर्नलमध्ये मेटाडेटाच (फाइलचं नाव, आकार, जागा ही माहिती) जातो. फाइलींची रचना वाचते, आतला मजकूर वाचेलच असं नाही. तुमच्या बिलिंगवाल्याने एफसिंक (मजकूर खरंच डिस्कवर उतरवायचा आदेश) केलंय का ते विचारा आधी.

मिऱ्याबंदर: विचारतो. आणि पावत्या सुट्या न ठेवता एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एकाच फाइलीत टाकून बघतो. देवगडवाले, तेवढ्यापुरतं तुमचं खरं. पण ती फाइल त्याच जुन्या डिस्कवर ठेवणार नाही.